राज्याच्या तुटीचं बिल शाळेच्या दारात कसं पोहोचतं

१९९३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅल्कॅस्का नावाच्या छोट्या गावातल्या सरकारी शाळांना कुलूप लागलं. उन्हाळ्याची सुट्टी जूनमध्ये लागायची होती, म्हणजे वर्ष संपायला अजून सुमारे दहा आठवडे होते. साथ नव्हती, वादळ नव्हतं, शिक्षकांचा संपही नव्हता. पैसे संपले होते. शाळांसाठी जादा मालमत्ता कर द्यायला तयार आहात का, असं गावातल्या मतदारांना तीनदा विचारलं गेलं आणि तिन्ही वेळा बहुमताने 'नाही' असं उत्तर आलं. मग शाळा मंडळाने वर्षच आवरतं घेतलं.

इतक्या श्रीमंत देशात पैशाअभावी शाळा बंद पडते कशी? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. उत्तर शोधत गेल्यावर कळलं की कॅल्कॅस्का अपवाद होतं ते फक्त दिसण्यात. तिथे कुलूप लागलं म्हणून सगळ्यांना दिसलं. एरवी तेच कुलूप हळूहळू, कोणाच्या नजरेत न येता लागत असतं: एका वर्षी ग्रंथपाल जातो, पुढच्या वर्षी वर्गात चार मुलं वाढतात, त्याच्या पुढच्या वर्षी बसची फेरी बंद होते. हे सगळं कुठून सुरू होतं, ते समजून घ्यायचं तर आधी पैसा कोणाच्या खिशातून येतो ते पाहावं लागेल.

तीन खिसे

अमेरिकेत 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी, मोफत शाळा. जवळपास पाच कोटी मुलं या शाळांत शिकतात. या शाळा वॉशिंग्टनमधलं केंद्र सरकार चालवत नाही, आणि बहुतेक ठिकाणी राज्य सरकारही थेट चालवत नाही. त्या चालवतं 'स्कूल डिस्ट्रिक्ट'. आपल्या जिल्ह्याशी याचा संबंध नाही. एखादं शहर, एखादं गाव किंवा चार-पाच गावं मिळून एक स्कूल डिस्ट्रिक्ट होतं. त्याचं स्वतःचं मंडळ असतं, ते बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं असतं, आणि त्याला बहुधा कर लावायचा अधिकारही असतो. देशभरात अशी तेरा हजारांच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत.

साधारण वर्षात शाळांच्या एकूण पैशांपैकी ८ टक्क्यांच्या आसपास केंद्राकडून येतात. उरलेली रक्कम राज्य आणि स्थानिक पातळी जवळजवळ निम्मी-निम्मी उचलतात. स्थानिक पैसा बहुतांशी मालमत्ता करातून येतो, म्हणजे घरं, दुकानं, कारखाने यांच्या किमतीवर लागणाऱ्या करातून. राज्याचा पैसा येतो आयकर आणि विक्रीकरातून. हे सगळं सरासरीचं चित्र झालं. प्रत्यक्षात प्रत्येक राज्याची घडी वेगळी आहे. हवाईत संपूर्ण राज्याचं मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे आणि तिथे स्थानिक मालमत्ता कराचा आधारच नाही.

आता राज्याचा पैसा कोणाला जातो, ते नीट पाहू, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. बहुतेक राज्यांत एक सूत्र असतं. दर मुलामागे किती खर्च यायला हवा ते ठरवायचं, स्थानिक कर किती जमेल ते त्यातून वजा करायचं, आणि उरलेला फरक राज्याने द्यायचा. हेतू चांगला आहे: ज्या गावात घरं स्वस्त, तिथे कर कमी जमतो, म्हणून राज्याचा वाटा तिथे जास्त.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, दर मुलामागे १२,००० डॉलर लागतात. पहिल्या डिस्ट्रिक्टमध्ये दर मुलामागे १० लाख डॉलरची मालमत्ता आहे. एक टक्का कर लावला की १०,००० जमतात आणि राज्य २,००० देतं. दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये दर मुलामागे ४ लाखांचीच मालमत्ता आहे. त्याच एक टक्क्यात ४,००० जमतात आणि राज्य ८,००० देतं. दोन्हीकडच्या मुलांना सारखेच १२,००० मिळाले. सूत्राने आपलं काम केलं.

पुढच्या वर्षी राज्याला तूट आली. गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले कारभारप्रमुख, म्हणाले, सर्वांना समान न्याय, शाळांच्या अनुदानात सरसकट १० टक्के कपात. पहिल्या डिस्ट्रिक्टचे दर मुलामागे २०० डॉलर गेले, दुसऱ्याचे ८००. आणि गोष्ट इथे थांबत नाही. भोक बुजवायला पहिल्या डिस्ट्रिक्टला कराचा दर १ वरून १.०२ टक्के केला तरी पुरतो, दुसऱ्याला तो १.२ टक्के करावा लागतो. म्हणजे गरीब गावाने दहापट वाढ सोसली तर कुठे ते मूळ जागेवर येणार. 'सरसकट' हा शब्द अर्थसंकल्पाच्या भाषणात ऐकला की मला हा हिशेब आठवतो. राज्याचा पैसा गरीब गावाकडे जास्त वळवलेला असतो, म्हणूनच तो आटला की गरीब गाव आधी कोरडं पडतं.

राज्याला तूट इतकी का झोंबते

केंद्र सरकारला तूट आली तर ते कर्ज काढून वर्षानुवर्षं गाडा ओढू शकतं. राज्यांना ती मुभा नाही. व्हर्मॉन्ट सोडलं तर सगळ्या राज्यांत, त्या-त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेने किंवा कायद्याने, अर्थसंकल्प संतुलित ठेवण्याचं काही ना काही बंधन आहे. नियमांचा कडकपणा कमी-जास्त असतो, पण अर्थ एकच: रोजच्या खर्चासाठी तूट तशीच पुढे रेटता येत नाही. कमी पडलं की खर्च कापा, कर वाढवा, शिल्लक मोडा किंवा हिशेबाची काहीतरी युक्ती करा.

आणि कमी पडतं ते नेमकं वाईट वेळी. मंदी आली की लोकांचं उत्पन्न घटतं, खरेदी घटते, म्हणून आयकर आणि विक्रीकर दोन्ही एकदम खाली येतात. त्याच वेळी नोकऱ्या गेलेली माणसं मेडिकेडकडे, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याकडे वळतात, आणि त्याचा एक हिस्सा राज्याला भरावा लागतो. उत्पन्न कमी, गरज जास्त. राज्याच्या स्वतःच्या करांतून होणाऱ्या खर्चात शाळा हा बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठा भाग असतो. मोठं भोक बुजवायचं तर शाळांना हात न लावता ते बुजवणं फार कठीण जातं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तूट नेहमी मंदीनेच येते असंही नाही. कधी ती ओढवून घेतलेली असते. कॅन्ससमध्ये गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये आयकरात मोठी कपात केली. भरभराट होईल आणि घट भरून निघेल असं सांगितलं गेलं होतं. घट भरून निघाली नाही. २०१५ च्या वसंतात तिथल्या काही डिस्ट्रिक्टांनी पैशांअभावी शाळा नियोजित तारखेच्या आधीच संपवल्या. शेवटी २०१७ मध्ये विधिमंडळाने, ज्यात ब्राउनबॅक यांच्याच पक्षाचं बहुमत होतं, त्यांचा नकाराधिकार डावलून ती करकपात बरीचशी मागे घेतली.

अशा दिवसांसाठी राज्यं एक राखीव निधी ठेवतात; त्याला तिकडे 'रेनी डे फंड' म्हणतात. तो असावाच. पण मोठ्या मंदीत तो फार काळ पुरत नाही.

कपात वेश बदलून येते

मला सांगायची मुख्य गोष्ट ही आहे. 'शाळांचे पैसे कापा' असं उघड म्हणणारा राजकारणी क्वचितच भेटतो. कपात येते ती दुसऱ्याच नावाने, आणि ती ओळखता आली नाही तर पालकांना वर्षभराने फक्त परिणाम दिसतो.

सर्वांत साधा वेश महागाईचा. अर्थसंकल्पात लिहिलेलं असतं, 'शाळांच्या अनुदानात २ टक्के वाढ'. पण त्या वर्षी पगार, आरोग्यविमा, वीज, बसचं इंधन हे सगळं ५ टक्क्यांनी वाढलेलं असतं. शाळेच्या चालू खर्चातले सुमारे ८० टक्के पगार आणि कर्मचाऱ्यांच्या लाभांवर जातात. त्यामुळे खर्च वाचवायचा म्हणजे माणसं कमी करायची, दुसरं काही फारसं हाताशी नसतं. बातमीत वाढ छापून येते आणि शाळेत एक शिक्षक कमी होतो. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

दुसरा वेश तारखेचा. कॅलिफोर्नियाने हा मोठ्या प्रमाणावर वापरला. राज्याचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. जूनमध्ये द्यायचा हप्ता जुलैमध्ये दिला की तो पुढच्या वर्षाच्या खात्यात जातो आणि चालू वर्षाची तूट तेवढी कमी दिसते. कागदावर शाळांचा एक डॉलरही कापलेला नसतो. पण शिक्षकांचे पगार जूनमध्येच द्यायचे असतात, म्हणून डिस्ट्रिक्ट कर्ज काढतं आणि त्याचं व्याज वर्गखोल्यांच्या पैशातून भरतं. ज्याच्याकडे शिल्लक आहे ते डिस्ट्रिक्ट निभावून नेतं. ज्याच्याकडे नाही, ते सावकाराच्या दारात. २००८ च्या मंदीनंतर कॅलिफोर्नियातली ही पुढे ढकललेली रक्कम वाढत वाढत २०११-१२ पर्यंत सुमारे १० अब्ज डॉलरवर गेली होती. मिनेसोटानेही त्याच काळात हीच वाट धरली. २०२० मध्ये महामारी आली तेव्हा कॅलिफोर्नियाने हे हत्यार पुन्हा बाहेर काढलं.

तिसरा वेश दिवसांचा. हवाईने २००९-१० च्या शालेय वर्षात १७ शुक्रवारी शाळा बंद ठेवल्या. शिक्षक त्या दिवशी बिनपगारी सुट्टीवर. मुलांच्या वाट्याला वर्षात १६३ दिवस आले, देशात सर्वांत कमी. शुक्रवारी मुलांना कुठे ठेवायचं, हा प्रश्न नोकरी करणाऱ्या आई-बापांनी आपापला सोडवायचा. ओक्लाहोमात तर चार दिवसांचा आठवडा ही तात्पुरती सोय राहिलीच नाही. २०१८ पर्यंत तिथल्या जवळपास दर पाचपैकी एका डिस्ट्रिक्टने ती स्वीकारली होती.

आणखीही वेश आहेत. पेन्शनचा जो भार आधी राज्य उचलायचं तो डिस्ट्रिक्टवर सरकवायचा. अनुदान तेवढंच ठेवून एखादं जास्तीचं काम शाळेवर टाकायचं. वर्ष सुरू झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, अंदाज चुकला म्हणून राहिलेल्या हप्त्यांना कात्री लावायची. हा शेवटचा प्रकार सर्वांत क्रूर, कारण तोवर शिक्षकांशी करार झालेले असतात, वर्ग भरलेले असतात, आणि वर्षभराची कपात राहिलेल्या पाच महिन्यांत कोंबावी लागते.

शिवाय कॅलेंडरचा पेच आहेच. बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. पण शाळांना पुढच्या वर्षीचे शिक्षक त्याआधीच ठरवावे लागतात. कॅलिफोर्नियात एखाद्या कायम शिक्षकाला पुढच्या वर्षी कामावरून कमी करायचं असेल, तर १५ मार्चपर्यंत तशी सूचना द्यावी लागते. राज्याचा अर्थसंकल्प जूनमध्ये ठरणार, म्हणून डिस्ट्रिक्ट वाईटात वाईट गृहीत धरून मार्चमध्ये हजारो नोटिसा वाटतं. त्यांतल्या बऱ्याच नंतर मागे घेतल्या जातात. पण नव्याने लागलेल्या शिक्षकांना या नोटिसा सर्वांत आधी मिळतात, कारण नियम ज्येष्ठतेचा असतो. आणि नवे शिक्षक जास्त करून गरीब वस्त्यांतल्या शाळांत असतात. तीन वर्षं लागोपाठ मार्चमध्ये नोटीस हातात पडलेला तरुण शिक्षक चौथ्या वर्षी तिथे थांबला नाही, तर त्याला दोष कसा देणार?

कायदा एका दारातून, पैसा दुसऱ्या

शिक्षणाबद्दलचे कायदे आणि तूट यांचं नातं समजायला एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. विधिमंडळात कायदा करणं आणि त्यासाठी पैसे मंजूर करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं म्हणजे दुसरं होईलच असं नाही.

समजा, एखाद्या आमदार बाईंनी विधेयक मांडलं: प्रत्येक शाळेत एक समुपदेशक असावा. त्याला शिक्षण समितीत टाळ्या मिळतात. मग खर्चाचा अंदाज काढणारं टिपण येतं आणि विधेयक अर्थ समितीकडे जातं. कॅलिफोर्नियात ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्चाची विधेयकं एका वेगळ्या गठ्ठ्यात ठेवतात; त्याला 'सस्पेन्स फाइल' असं नाव आहे. वर्षातून दोनदा तो गठ्ठा उघडतात आणि शेकडो विधेयकांचा निकाल भराभर वाचून दाखवतात. तुटीच्या वर्षात तिथे थांबलेल्या विधेयकाविरुद्ध कोणी भाषण केलेलं नसतं. ते फक्त पुढे जात नाही.

जी विधेयकं पुढे जातात त्यांच्या पोटात कधी कधी 'निधी उपलब्ध झाल्यास' अशा अर्थाचं एक कलम असतं. कायदा झाला, सही झाली, फोटो निघाले. अंमलबजावणी मात्र त्या एका कलमावर टांगलेली. कधी अंमलाची तारीखच दोन-चार वर्षं पुढची लिहितात आणि ती आली की आणखी पुढे ढकलतात. वॉशिंग्टन राज्यात (हे पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य, देशाची राजधानी नव्हे) २०१४ मध्ये मतदारांनीच वर्गातली मुलं कमी करण्याचा कायदा थोडक्या मताधिक्याने मंजूर केला. त्यासाठी पैसा कुठून येईल ते त्यात नव्हतं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने दोन-तृतीयांश बहुमताने त्यातला बहुतेक भाग चार वर्षं लांबणीवर टाकला.

मिळालेलं परत जातं, तेही याच वाटेने. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये, तिजोरी भरलेली असताना, पहिल्या काही इयत्तांत वर्गात २० च्या आसपासच मुलं असावीत म्हणून शाळांना जादा पैसे द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये तूट आली. कार्यक्रम रद्द झाला नाही. मुलांची संख्या ओलांडली तर होणारा दंड तेवढा सौम्य केला. मग वर्ग पुन्हा फुगले. तेव्हा पहिलीत असलेल्या मुलांना कमी गर्दीचा वर्ग मिळालाच नाही, आणि पहिली परत येत नसते.

याच्या उलट बाजूला असे कायदे असतात जे पाळावेच लागतात, पैसे मिळोत न मिळोत. अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा १९७५ चा. तो फार मोलाचा आहे. त्याआधी लाखो मुलांना शाळेची दारं बंद होती. या मुलांसाठी येणाऱ्या जादा खर्चाचा भार केंद्र उचलेल, आणि तो दर मुलामागच्या राष्ट्रीय सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत असेल, असं तेव्हा ठरलं. ते वचन आजवर एकदाही पूर्ण झालेलं नाही. अलीकडच्या वर्षांत तर प्रत्यक्ष रक्कम १५ टक्क्यांच्याही खाली आहे. सेवा देणं मात्र कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते तसंच असायला हवं. त्यामुळे तुटीच्या वर्षात कात्री उरलेल्या गोष्टींवर दुप्पट जोराने चालते: संगीत, चित्रकला, ग्रंथालय, परिचारिका. मग पालकांमध्येच भांडण लागतं, 'त्यांच्या' मुलांमुळे 'आमच्या' मुलांचं गेलं म्हणून. ज्यांनी वचन पाळलं नाही ते त्या बैठकीत हजरच नसतात.

तुटीतून जन्मलेले कायदे

तूट कायद्यांना अडवते तशी ती नवे कायदे घडवतेही. विस्कॉन्सिनमध्ये २०११ च्या सुरुवातीला दोन वर्षांची मिळून ३.६ अब्ज डॉलरची तूट दिसत होती. नवे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी तूट भरण्याचं कारण देऊन 'अॅक्ट १०' आणला. शिक्षकांसह बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांचा सामूहिक वाटाघाटींचा अधिकार त्याने जवळजवळ संपवला आणि पेन्शन व विम्याचा मोठा वाटा त्यांच्या पगारातून घ्यायला सुरुवात केली. मतदानाला पुरेशी उपस्थितीच होऊ नये म्हणून राज्याच्या सिनेटमधले, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहातले, विरोधी पक्षाचे १४ सदस्य राज्य सोडून शेजारच्या इलिनॉय राज्यात गेले होते. तरी कायदा झाला. तूट दोन वर्षांची होती; कायदा त्यापुढेही राहिला.

पैशाची गरज असलेल्या राज्यांना केंद्रानेही असंच वळवलं. २००९ मध्ये ओबामा सरकारने 'रेस टू द टॉप' ही ४.३५ अब्ज डॉलरची स्पर्धा जाहीर केली. शिक्षकांच्या मूल्यमापनात मुलांच्या गुणांचा विचार, चार्टर शाळांवरची (सरकारी पैशावर, पण बऱ्याच नियमांतून मोकळ्या चालणाऱ्या शाळांवरची) मर्यादा सैल करणं, अशा बदलांना त्यात गुण होते. मंदीने पिचलेली ४० हून अधिक राज्यं रांगेत उभी राहिली आणि अनेकांनी अर्ज करण्याआधीच कायदे बदलून घेतले. कोलोरॅडोने २०१० मध्ये शिक्षक मूल्यमापनाचा मोठा कायदा केला. त्या वर्षी त्यांची निवड झाली नाही, कायदा मात्र झाला होता. ते बदल चांगले की वाईट यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण असे निर्णय रिकाम्या तिजोरीच्या धाकाने, काही महिन्यांत उरकले जावेत, हे मला पटत नाही.

कधी अडथळा जुन्या कायद्यातच असतो. ओक्लाहोमात १९९२ पासून नियम आहे की करवाढीला विधिमंडळात तीन-चतुर्थांश मतं हवीत, नाहीतर जनमत घ्यायचं. करकपात मात्र साध्या बहुमताने होते. म्हणजे उतार गुळगुळीत आणि चढ खडा. पंचवीसहून अधिक वर्षं तिथे तीन-चतुर्थांशाने एकही करवाढ झाली नाही. २०१८ च्या वसंतात शिक्षक वर्ग सोडून राजधानीत उतरणार हे निश्चित झालं, तेव्हा कुठे तेल-वायूवरचा आणि सिगारेटवरचा कर वाढवून सरासरी ६,१०० डॉलरची पगारवाढ मंजूर झाली. तरी शिक्षक एप्रिलमध्ये उतरलेच, कारण पगार वाढला होता, पण जुनी फाटकी पुस्तकं तशीच होती.

न्यायालयाचं दार

अमेरिकेच्या संघराज्य घटनेत शिक्षण हा शब्दच नाही. १९७३ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोतल्या गरीब वस्तीतल्या पालकांचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि पाच विरुद्ध चार मतांनी हरला. मालमत्ता करातून येणारी विषमता संघराज्य घटनेचा भंग करत नाही, असा निकाल लागला. तेव्हापासून लढाई राज्यांच्या न्यायालयांत गेली, कारण प्रत्येक राज्याच्या घटनेत सरकारी शाळांबद्दल काही ना काही कलम आहे. केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये राज्याची संपूर्ण शालेय व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळाने पुढच्या वर्षी नवी व्यवस्था आणली, आणि सोबत विक्रीकर ५ वरून ६ टक्के केला. हे दुसरं पाऊल महत्त्वाचं. त्याशिवाय पहिल्याला अर्थ नव्हता.

वॉशिंग्टन राज्याच्या घटनेत मुलांच्या शिक्षणाची तरतूद हे राज्याचं 'सर्वोच्च कर्तव्य' म्हटलं आहे. तिथल्या न्यायालयाने २०१२ मध्ये मॅक्लिअरी खटल्यात सांगितलं की राज्य हे कर्तव्य पार पाडत नाही. विधिमंडळ चालढकल करत राहिलं. २०१४ मध्ये न्यायालयाने त्याला अवमानाबद्दल दोषी धरलं, आणि २०१५ च्या ऑगस्टपासून दिवसाला एक लाख डॉलर दंड लावला. प्रकरण मिटायला जून २०१८ उजाडला. खटला सुरू झाला तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली मुलं तोवर मोठी झाली होती. न्यायालय सरकारला आरसा दाखवू शकतं, दंड करू शकतं, पण कर बसवायचं काम शेवटी विधिमंडळाचंच राहतं.

उसना श्वास

मोठ्या संकटात केंद्र धावून येतं. २००९ मध्ये राज्यांची अंदाजपत्रकं सावरायला ४८ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली गेली, त्यातला बराचसा भाग शिक्षणासाठी. २०१० मध्ये शिक्षकांच्या नोकऱ्या वाचवायला आणखी १० अब्ज. त्याने खूप काही वाचलं. पण पैसा संपला तेव्हा राज्यांचं उत्पन्न अजून सावरलेलं नव्हतं. २००८ ते २०१२ या काळात स्थानिक सरकारी शाळांतल्या तीन लाखांच्या आसपास नोकऱ्या गेल्या. महामारीत मदत त्याहून कितीतरी मोठी होती: तीन टप्प्यांत मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर, थेट शाळांसाठी. शेवटच्या टप्प्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. त्या पैशातून नेमलेले समुपदेशक, वाचन-शिक्षक, परिचारिका यांचं पुढे काय, हा प्रश्न तिथपासून डिस्ट्रिक्टांच्या बैठकांत घोळतो आहे. त्यात २०२५ च्या जुलैत झालेल्या केंद्रीय कायद्याने मेडिकेडचा अधिक भार येत्या वर्षांत राज्यांवर येणार आहे, आणि राज्याच्या तिजोरीत मेडिकेड व शाळा शेजारी शेजारीच बसतात.

पैसे कमी झाल्याने मुलांचं खरंच नुकसान होतं का, की हा नुसता शिक्षक संघटनांचा आरडाओरडा? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ किराबो जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या मंदीतल्या कपातींचा अभ्यास केला. जी राज्यं शाळांसाठी राज्याच्या पैशावर जास्त अवलंबून होती तिथे कपात खोल गेली; आणि जिथे कपात खोल गेली तिथे मुलांचे गुण घसरले, कॉलेजात जाणारी मुलंही कमी झाली. मंदी संपली, पण ती मुलं तेव्हाच त्या वयाची होती.

म्हणून आपली मुलं या शाळांत असतील, तर वसंत ऋतूत शाळा मंडळाची बैठक चुकवू नका आणि तिथे नेमके प्रश्न विचारा. राज्याची वाढ महागाई वजा केल्यावर किती उरते? हप्ता वेळेवर येणार आहे का? यातला किती पैसा एकदाच मिळणारा आहे, आणि त्यावर कायमचे पगार बांधले आहेत का? नव्या कायद्यात पैशाचं कलम आहे का?

आता कॅल्कॅस्काचं पुढे काय झालं ते. त्या कुलपाने मिशिगन हादरलं. त्याच वर्षी जुलैमध्ये विधिमंडळाने शाळा चालवण्यासाठीचा स्थानिक मालमत्ता करच रद्द केला, बदल्यात काय आणायचं ते ठरवण्याआधीच. १५ मार्च १९९४ ला मतदारांनी 'प्रपोझल ए' मंजूर केलं: विक्रीकर ४ वरून ६ टक्के आणि शाळांची मुख्य जबाबदारी राज्याकडे. सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टांना त्याने खरोखर हात दिला. पण आता सगळे एकाच विहिरीवर आले. २००० नंतर मिशिगनचे कारखाने खंगत गेले, तसा विक्रीकरही. आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये, वर्ग सुरू होऊन महिना उलटल्यावर, दर मुलामागचं अनुदान कापलं गेलं. तिथे राज्याचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि शाळांचं १ जुलैला, म्हणजे किती पैसे येणार हे कळायच्या तीन महिने आधी शाळांनी आपलं अंदाजपत्रक बांधायचं. हा खेळ थांबावा म्हणून विधिमंडळाने १ जुलैपर्यंत अर्थसंकल्प सादर करावा, असा कायदा २०१९ मध्ये झाला. २०२५ मध्ये ती तारीख चुकली. शाळा भरल्या, सप्टेंबर गेला, आणि मुलांचे पैसे ठरले तेव्हा ऑक्टोबर लागला होता.